पाणसरवाडीचा रकाना क्रमांक चौदा

विषय : मौजे पाणसरवाडी येथील सर्वेक्षणाच्या रकाना क्रमांक चौदाबाबत.

संदर्भ : १) पाणसरवाडी ग्रामस्थांचा अर्ज, आरोग्य लाँच मिळणेबाबत. २) तालुका बालआरोग्य सर्वेक्षण, आलेख क्रमांक सात. ३) दस्तगीर मुजावर यांचे तोंडी म्हणणे, जे कोणत्याही कागदावर नाही.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की...

“चाचा, नऊ घरांचे रकाने तुम्ही रिकामे का सोडलेत?”

विचारणारी ऋजुता डांगे. संख्याशास्त्रात एम.एस्सी., पहिला वर्ग. पंचायत समितीत अकरा महिन्यांच्या करारावर सांख्यिकी विश्लेषक.

ज्याला विचारलं तो दस्तगीर मुजावर. चौतीस वर्षं त्याच पंचायत समितीत. घरोघर फिरून माहिती आणायची आणि ती निळ्या चौकटींच्या आलेखकागदावर पट्टीने, पेनाने उतरवायची, हे त्याचं काम. निवृत्तीनंतर गावाबाहेरच्या पीराच्या दर्ग्याची झाडलोट वडिलोपार्जित म्हणून त्याच्याकडे आली. धरणाच्या पाण्यापलीकडच्या वाड्यांवर जायला नव्या पोरांपैकी कुणी तयार होईना, म्हणून या सर्वेक्षणापुरतं त्याला पुन्हा बोलावलं होतं.

मी सबनीस. आवक-जावक शाखेतला निवृत्त लिपिक. रोज सकाळी दर्ग्याच्या ओट्यावर जाऊन बसतो. तिथे चहा मिळतो आणि तुमचा देव कोणता, हे कुणी विचारत नाही.

दस्तगीर ओटा झाडत होता. झाडू थांबला नाही.

“उत्तर मिळालं नाही,” तो म्हणाला.

“घरं बंद होती?”

“नाही.”

“माणसं नव्हती?”

“होती की. चहा दिला. निव्वळ दुधाचा.”

“मग?”

“...उत्तर मिळालं नाही.”

ऋजुता पायरीवर बसली. तिने लॅपटॉप उघडला. ऊन पडद्यावर येत होतं, म्हणून मी छत्री धरली. निवृत्त माणसाला कामाला लावायला तरुण पोरींना आदेश काढावा लागत नाही.

रकाना क्रमांक चौदा असा होता : गेल्या पाच वर्षांत घरातील किती मुले दगावली? पाणसरवाडीत घरं तेवीस. चौदा घरांपुढे दस्तगीरच्या अक्षरात गोल शून्य. नऊ घरांपुढे काहीच नाही.

“हे बघा,” ती म्हणाली. “तेवीस घरं, तेवीस बिंदू. तुमच्या रिकाम्या रकान्यांमुळे रेघ नऊ ठिकाणी तुटत होती. उंदरानं कुरतडल्यासारखी दिसत होती. मग सॉफ्टवेअर विचारतं, रिकाम्या सेलचं काय करू? मोकळी जागा ठेवू, शून्य धरू, की अलीकडचा आणि पलीकडचा बिंदू जोडून टाकू?”

“तिसरं बरं आहे,” दस्तगीर म्हणाला. “मधलं कुणी जन्मालाच आलं नव्हतं.”

तिला तो विनोद वाटला. ती हसली. मी हसलो नाही. मी त्याला पुष्कळ वर्षं ओळखतो.

“मी शून्य धरलं,” ती म्हणाली. “ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, तो गप्प बसतो. उघड आहे. आता बघा रेघ.”

रेघ सरळ होती. पहिल्या घरापासून तेविसाव्या घरापर्यंत जमिनीला चिकटलेली.

मग तिने आलेख क्रमांक सात दाखवला. तालुक्यातल्या एकेचाळीस वाड्या, एकेचाळीस रंगीत खांब. ज्या वाडीत मुलं जास्त गेली, तिचा खांब उंच. पाणसरवाडीचं खाली नाव होतं. वर काही नव्हतं.

आलेख सुबक होता, हे लिहिलं पाहिजे. अक्षरं एका मापाची, रंग डोळ्यांना न खुपणारे.

प्रश्न लाँचचा होता. पाण्यापलीकडच्या वाड्यांसाठी जिल्ह्याने एक आरोग्य लाँच मंजूर केली होती. तिच्यात नर्सबाई आणि औषधं. आठवड्यातून दोन फेऱ्या. ज्यांचे खांब उंच, त्यांच्याकडे ती जाणार. पाणसरवाडीनेही अर्ज केला होता, चार सह्या आणि एकोणीस अंगठे. बाजाराची लाँच तिकडे सोमवारी आणि शुक्रवारी जाते. पोर मंगळवारी तापलं तर ते शुक्रवारपर्यंत तापत राहतं.

अर्ज नाकारणारा शेरा तयार होता : ‘सदर वाडीत बालमृत्यू निरंक असल्याने मागणी दप्तरी दाखल करावी.’

शिवाय एप्रिलमध्ये साहेबांनी स्वतः जाऊन वाडीला ‘आदर्श बालआरोग्य वाडी’ असं प्रमाणपत्र दिलं होतं. चौकटीत, काचेसह. सरकार औषध उशिरा देईल, काच वेळेवर देतं.

“आता फक्त तुमची सही हवी,” ऋजुता म्हणाली. तिने कागद पुढे केला. “माहिती गोळा करणाऱ्यानं लिहून द्यायचं, रिकामे रकाने निरंक समजावेत. महिनाअखेरच्या आत.”

दस्तगीरने झाडू भिंतीला लावला. कागद वाचला. उलटून मागची कोरी बाजूही वाचली. मग पेन तिला परत दिलं.

“हा रकाना तू भरलास ना?”

“हो.”

“मग विचारून ये.”

“कुणाला?”

“ज्यांचा आहे त्यांना.”

“चाचा, मी विश्लेषक आहे. दारोदार फिरणं हे माझं काम नाही.”

“बरोबर,” तो म्हणाला, आणि झाडू लागला.

ती पाव तास बसून राहिली. एकदा उठली, परत बसली. बिनसहीचा कागद घेऊन ऑफिसात जायचं म्हणजे काय, हे करारावरच्या माणसाला मंजूर पदावरच्या माणसापेक्षा लवकर कळतं.

“काका, लाँच किती वाजता असते?” तिने मला विचारलं.

“नऊला,” मी म्हणालो. “म्हणजे दहाला.”

सोमवारी आम्ही गेलो. मी वाट दाखवायला.

मे महिना. धरणाचं पाणी खाली गेलं होतं. लाँचने आम्हाला चिखलात उतरवलं आणि तिथून वाडीपर्यंत भेगाळलेल्या गाळातून चालावं लागलं. ऋजुताच्या एका चपलेचा अंगठा तुटला. तिने दोन्ही चपला हातात घेतल्या. पहिल्या वर्गाचं तेज तिथेच थोडं कमी झालं.

यादीतलं पहिलं घर ठकूबाई झोरे यांचं. पन्नाशीच्या बाई. दारात सून उभी होती, मंगल नावाची. सातवा महिना असावा.

“ये बाई, लांबनं आलीस,” ठकूबाई म्हणाल्या. “भाऊ, तुमी बी टेका. मंगल, दूद तापव.”

समोर भिंतीवर प्रमाणपत्र होतं. काचेला हळदकुंकू लावलेलं. सरकारी कागद, म्हणून.

“तू शिकल्याली दिसतीस,” ठकूबाई म्हणाल्या. “ह्यात काय लिवलंय ते सांग की. सायबानं हातात दिलं, फोटू काडला, समद्यांनी टाळ्या वाजवल्या. आमी बी वाजवल्या. पर कुनी वाचून दावलं न्हाई.”

ऋजुता उठली. काचेजवळ जाऊन तिने मोठ्याने, स्पष्ट वाचलं.

“‘मौजे पाणसरवाडी येथे गेल्या पाच वर्षांत एकही बालक दगावलेले नाही. सबब ही वाडी आदर्श म्हणून गौरविण्यात येत आहे.’”

खाली छोट्या आकारात आलेख क्रमांक सात छापला होता. पाणसरवाडीच्या मोकळ्या जागेकडे लाल बाण.

“हा आलेख मी काढलाय,” ती म्हणाली.

चुलीवरचं दूध उतू गेलं. मंगलने ते उतरवलं नाही. ती आत गेली.

ठकूबाई काचेकडे बघत राहिल्या.

“आमी असं कुटं म्हनलं?” त्या म्हणाल्या.

ऋजुता काचेपासून बाजूला झाली.

“त्या मुजावर चाच्याला म्हनलं व्हय आमी असं?”

“नाही,” ऋजुता म्हणाली. “तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. म्हणून...”

तिथेच तिला कळलं. एम.एस्सी.ला चांगले गुण मिळाले होते, ते उगाच नव्हते.

“मावशी, किती?” तिने हळू विचारलं.

ठकूबाई उठल्या. पदर खोचला.

“चल.”

आम्ही मागे चालू लागलो. वाडीच्या वर सगळा कातळ आहे, कुदळ लागत नाही. खाली, पाणी उतरलं की उघडा पडणारा एक उंचवटा आहे. लहान मूल जाळत नाहीत. तिथे दगडांच्या छोट्या छोट्या राशी होत्या. काही ताज्या, काही वर्षानुवर्षं पाण्याखाली जाऊन-येऊन पसरलेल्या. पावसाळ्यानंतर आठ महिने त्यांच्यावरून लाँच जाते.

ऋजुता उभी राहिली. मग तिचा हात आपोआप वर झाला. बोट एका राशीवरून दुसरीवर जाऊ लागलं. ओठ हलत होते. एक... दोन... तीन... चार...

ठकूबाईंनी ते बोट धरलं. दुखवलं नाही. फक्त मुडपून मुठीत घातलं.

“कोवळ्या काकडीकडं सुदीक बोट करत न्हाईत, कुजती,” त्या म्हणाल्या. “आन तू हितं करतीस?”

“मी फक्त मोजत होते, मावशी.”

“गेल्यालं मोजायचं न्हाई. मोजलं की आनिक जातंय.”

त्यांनी वर घराकडे पाहिलं. मंगल परत दारात येऊन उभी होती.

चारपर्यंत परतीची लाँच नव्हती. आम्हाला भाकरी आणि दूध वाढलं. ऋजुताने भाकरी संपवली. त्या वाडीत आलेल्या माणसाला उपाशी जाऊ देत नाहीत. परतताना तीन तास ती पाण्याकडे तोंड करून बसली. मी तिला काही सांगितलं नाही. माझ्या शाखेत आलेला कागद फक्त पुढे पाठवायची पद्धत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दर्ग्यावर आली तेव्हा दस्तगीर माठ भरत होता.

“तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली.

“हो.”

“मुलं गेलेली घरं तेवढी गप्प बसली. ज्यांची गेली नाहीत ती ‘कुणी नाही’ म्हणाली. तुम्ही ते शून्य लिहिलंत. म्हणजे तुमच्या यादीत सगळं दिसत होतं.”

“बघणाऱ्याला.”

“मी बघितलं नाही. कबूल. पण तुम्ही पेनानं चार शब्द लिहू शकला असता. ‘मृत्यू झाले आहेत, आकडा सांगत नाहीत.’ का नाही लिहिलंत?”

दस्तगीरने माठावर झाकण ठेवलं.

“नोकरीच्या पहिल्या वर्षी लिहिलं होतं,” तो म्हणाला. “तिथंच. एका बाईला विचारलं. तीही मोजत नव्हती. मी हट्ट धरला. तरुण होतो, हुशार होतो... शेवटी म्हणाली, दोन. मी लिहिले दोन.”

“मग?”

“पुढच्या वर्षी गेलो. मला लांबून बघितलं आणि तिनं दार लावून घेतलं.”

“का?”

“तिसरं गेलं होतं.”

ऋजुता म्हणाली, “आणि त्या दोनचं काय झालं? लिहिल्यावर काय मिळालं त्यांना?”

“आलेख. चांगला आला होता. साहेबांनी भिंतीवर लावला.”

“लाँच?”

“तेव्हा कुणाला सुचली नव्हती.”

“मग त्यानंतर तुम्ही विचारलंच नाही.”

“नाही.”

“तीस वर्षं रकाना रिकामा सोडत आलात आणि इथं येऊन ओटा झाडत बसलात!” तिचा आवाज चढला. “लोक तुम्हाला संत म्हणतात. तुमच्या या दयेपायी त्या वाडीवर कुणी फिरकलं नाही, चाचा. रिकाम्या रकान्याला औषध पाठवत नाहीत!”

मी चहाचा कप खाली ठेवला. दर्ग्यावर असा आवाज कुणी चढवत नाही.

“...हो,” दस्तगीर म्हणाला.

“एवढंच?”

“एवढंच. तू शून्य भरलंस, मी रिकामं सोडलं. वाडीला दोन्ही सारखंच पडलं.”

भांडायला आलेल्या माणसाला समोरच्याने कबूल करून टाकलं की हातपाय कुठे ठेवावेत ते कळत नाही. ती खाली बसली.

“मी थोड्या मोजल्या,” ती म्हणाली. “तिनं बोट धरायच्या आधी. बाकीच्यांचा अंदाज करता येतो. लिहून टाकू का? त्यांना कळणारही नाही.”

“शून्य लिहिलंस तेव्हाही त्यांना कळलं नव्हतं.”

“मग काय लिहू?”

“मला कशाला विचारतेस?” दस्तगीर म्हणाला. “शुक्रवारी लाँच आहे.”

शुक्रवारी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी ती साध्या स्लीपर घालून आली होती. लॅपटॉप आणला नव्हता. वही होती.

“मावशी,” ती ठकूबाईंना म्हणाली, “मी चूक केली. तुम्ही गप्प बसलात, त्याचा अर्थ मी माझ्या मनानं लावला. तो कागद खोटा आहे. पण तिथं आकडा लिहिल्याशिवाय लाँच तुमच्याकडे येणार नाही.”

“आन लिवला तर यील?”

“...कदाचित.”

“कदाचित म्हंजी?”

“म्हणजे माझ्या हातात नाही.”

“मंग कुनाच्या हातात हाय?”

ऋजुताने माझ्याकडे पाहिलं. सरकारी नोकरीत माझी छत्तीस वर्षं गेली. मी पाण्याकडे पाहिलं.

मंगल दाराशी तांदूळ निवडत होती. सासूची नजर एकदा तिच्या पोटावर गेली आणि लगेच हलली.

“मंगल, म्हस सुटली का बघून ये.”

“बांधल्याली हाय की, आत्याबाई.”

“तरी बी बघून ये.”

मंगल उठली. सावकाश, कमरेवर हात ठेवून उतार उतरली. ती गोठ्याच्या आड जाईपर्यंत ठकूबाई थांबल्या.

मग त्यांनी स्वतःचीच बोटं दुसऱ्या हाताने धरली, एकेक करून उघडली.

“तीन,” त्या म्हणाल्या. “समदी नातवंडं. दोन पोरं. एक पोरगी... पोरगी बोलाय लागल्याली.”

ऋजुताचं पेन हललं नाही.

“लिव की आता!” ठकूबाई एकदम ओरडल्या. “मला म्हनाय लावलंस न्हवं? लिव!”

तिने लिहिलं. तीन.

ठकूबाईंनी डोळे पुसले नाहीत. उठल्या आणि स्वतः तिला घेऊन बाकीच्या आठ घरी गेल्या. दाराशी जाऊन त्या एवढंच म्हणायच्या, “मी सांगिटलं. तुमी बी सांगा.” प्रत्येक घरातून आधी सुना बाहेर पाठवल्या गेल्या. एका घरात म्हातारा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि भिंतीलाच म्हणाला, “एक.” एका घरातल्या बाईने आकडा सांगितला, आणि आम्ही अंगण ओलांडत असताना मागून धावत येऊन तो एकाने वाढवला. पहिल्यांदा तिला खोटं बोलायचं नव्हतं. आकडा जिभेवर येताना अडला होता, इतकंच.

पाच वर्षं, नऊ घरं, सतरा.

सोमवारी दस्तगीरने सुधारलेल्या तक्त्यावर सही केली. सही करण्याआधी त्याने पेन तीनदा झटकलं. पेनात शाई होती.

ऋजुताने आलेख क्रमांक सात नव्याने काढला. पाणसरवाडीपुढे सतरा टाकल्याबरोबर तो खांब वर निघाला आणि बाकीचे चाळीस खांब आपोआप बुटके झाले. सॉफ्टवेअरला कागदाची उंची राखायची असते. एकाला जागा द्यायची तर सगळ्यांना आखडावं लागतं.

ती आलेख घेऊन साहेबांकडे गेली. नवं काम असलं की पूर्वी ती जिन्यावरून धावत जायची. त्या दिवशी एकेक पायरी चढली.

आमचे साहेब वाईट माणूस नव्हेत. वाईट माणसाशी निदान भांडता येतं. त्यांनी दोन्ही आलेख शेजारी ठेवून पाहिले, चष्मा काढला आणि खरोखर वाईट वाटल्यासारखे म्हणाले, “अरेरे.”

मग म्हणाले, “पण डांगे मॅडम, हा आलेख प्रमाणपत्रावरच्या आलेखाशी जुळत नाही.”

“सर, प्रमाणपत्र चुकीचं आहे.”

“असेल. पण ते दिलेलं आहे. एकाच कार्यालयानं एकाच वाडीला आदर्शही म्हणायचं आणि तिथं सतरा मुलं गेली असंही म्हणायचं, हे लेखापरीक्षणात कसं दिसेल? आधी प्रमाणपत्र परत घ्यावं लागेल.”

“घेऊ या, सर. मी स्वतः घेऊन येते.”

“तसं नाही घेता येत.”

प्रमाणपत्र देण्याचा विहित नमुना कार्यालयात आहे. परत घेण्याचा नाही. सबब नमुना मिळण्याबाबत जिल्ह्याकडे मार्गदर्शन मागवण्यात आलं. पत्राला जावक क्रमांक पडला. तो मी स्वतः जाऊन पाहून आलो. माझ्या खुर्चीवर आता एक नवा लिपिक बसतो. माझीच उशी वापरतो. त्याने अदबीने सांगितलं, काका, पत्र गेलं आहे, उत्तर आलं की कळवतो. हेच वाक्य मी छत्तीस वर्षं म्हणालो. ते समोरून ऐकायला कसं वाटतं, याचा मला अंदाज नव्हता.

सहा आठवडे गेले. दरम्यान लाँच फिरू लागली. ती शेजारच्या वाडीपर्यंत जाते. पाणसरवाडीच्या घरांवरून तिचा भोंगा ऐकू येतो, असं बाजाराच्या लाँचवाल्याने सांगितलं. पाणी चढलं आणि खालचा उंचवटा बुडाला.

मग एका सकाळी ऋजुता दर्ग्यावर आली. दस्तगीर ओट्यावरची पानं गोळा करत होता. तिने काही न बोलता दुसऱ्या टोकाने पानं गोळा करायला सुरुवात केली. अर्धा ओटा झाला.

“चाचा, तिनं मोजलं,” ती म्हणाली.

“हं.”

“माझ्या शब्दावर मोजलं. लाँच आली नाही.”

“हं.”

“मंगलला नववा लागला असेल.”

दस्तगीरने मुठीतली पानं टोपलीत टाकली.

“माझा रकाना भरला, चाचा. तक्ता पूर्ण झाला. आलेख बरोबर आला, एकही बिंदू चुकला नाही...” तिचा आवाज फुटला. “आता मंगलला काही झालं तर मावशी म्हणेल, मोजलं म्हणून झालं. आणि मला ते खोटं आहे म्हणताही येणार नाही. मी सहा सोमवार घाटावर जाते, लाँच सुटेपर्यंत उभी राहते आणि परत येते. कुठल्या तोंडानं जाऊ?”

मी चहा ओतला. कुणी घेतला नाही.

दस्तगीरने पाण्याच्या बाजूला पाहिलं. ओट्यावरून पाणी दिसत नाही, मध्ये डोंगर आहे.

“विचारायला दोनदा गेलीस,” तो म्हणाला. “आता झालं ते सांगायला जा.”

...

शुक्रवारच्या लाँचने श्रीमती डांगे पाणसरवाडीस गेल्या. मार्गदर्शन अप्राप्त. संदर्भ क्रमांक एक येथील अर्ज आजअखेर प्रलंबित आहे.